साठीच्या अलीकडे

"जन्मसाल?" निनाद बोंद्रेनं विचारलं.

मालननं आधार कार्ड त्याच्यासमोर टेबलावर टाकलं. "लिवलंय त्याच्यावर. वाच की."

मार्चमधला सोमवार होता, सकाळचे साडेसहा. क्लबच्या फाटकाला आतून साखळी लावलेली, आणि वॉचमनचं टेबल बाहेर काढून तिथे मॅनेजर स्वतः बसलेला. एरवी हा माणूस नऊच्या आत कधी दिसायचा नाही. फाटकाच्या गजाला प्लॅस्टिकमध्ये घातलेला एक कागद तारेनं बांधला होता. साठ वर्षे पूर्ण झालेल्या सभासदांना सुरक्षिततेच्या कारणास्तव आजपासून जलतरण तलावात प्रवेश बंद. खाली कंपनीचा शिक्का. कराडचा हा क्लब चालवायला पुण्याच्या एका कंपनीनं घेतला, त्याला तेव्हा दोनच महिने झाले होते.

"एकोणीसशे एक्कावन्न. म्हणजे त्रेसष्ट," बोंद्रे म्हणाला आणि त्यानं कार्ड परत सरकवलं. "सॉरी, आजी."

"आजी कुणाला म्हणतोस?"

"रिस्पेक्टनं म्हणतोय."

देवस्थळी बाईंनी कार्ड काढलंच नाही. त्या अडुसष्ट वर्षांच्या. हायस्कुलात तीस वर्षं शास्त्र शिकवलेलं, त्यामुळे समोरच्याला उत्तर येत नाही हे त्यांना आधीच ठाऊक असायचं. "माझं वय तुमच्या रजिस्टरमध्ये आहे," त्या म्हणाल्या. "हा नियम कुठल्या सभेत झाला, तेवढं सांगा."

"कंपनीची पॉलिसी आहे, बाई."

मग त्यानं माझ्यापुढे हात केला. मी कार्ड दिलं. त्यानं वाचलं, बोटांवर काहीतरी मोजलं आणि पहिल्यांदाच हसला. "शेवाळे मॅडम, तुम्ही जाऊ शकता. तुम्हाला अजून सव्वा वर्ष आहे."

माझी जन्मतारीख एक जून. माझ्या वयाच्या निम्म्या महाराष्ट्राची एक जूनच आहे, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांना कुठलीतरी तारीख लिहावीच लागायची. वडिलांनी मला शाळेत घातलं तेव्हा मी नऊ वर्षांची होते. एवढी घोडी पहिलीत कशी बसवायची म्हणून त्यांनी सहा सांगितलं. तेच पुढे सगळीकडे चालत आलं. पंचायत समितीत पस्तीस वर्षं नोकरी करून मी कागदावर अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले, तेव्हा खरं एकसष्टावं चालू होतं. मालनला हे माहीत होतं. देवस्थळी बाईंनाही. त्या दोघींपैकी कुणीही फाटकावर तोंड उघडलं नाही.

बोंद्रे साखळी काढायला उठला. तेवढ्यात मालननं टेबलावर हात ठेवला.

"तीन वरसं मी हितं पवते. त्याच्या आधी कृष्णेत पवत हुते, तवा तू जन्माला यायचा हुतास. कधी बुडाले का? कुणाला बुडवलं का?"

"प्रश्न बुडण्याचाच नाही, आजी. मला बोलायला लावू नका."

"बोल की."

आमच्या मागे स्कूटीवरून आलेल्या दोघी तरुण सभासद थांबल्या होत्या. बोंद्रेनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि आवाज अजिबात खाली न आणता म्हणाला, "गेल्या मंगळवारी लेडीज चेंजिंग रूममधला बाक ओला होता. साफ करणाऱ्या बाईनं मला बोलावून दाखवला. ते तलावाचं पाणी नव्हतं. ती आत गेली तेव्हा त्या बाकावर तुम्ही बसला होतात."

मागच्या दोघींपैकी एकीनं ओढणी तोंडाला लावली.

"काय म्हणालास?" मालन म्हणाली.

"या वयात होतं तसं. तुमचा दोष नाही. पण बाकीच्या सभासदांचा विचार मला करावा लागतो."

मालन डुबल म्हणजे गिरणीवाली मालन. नवरा गेल्यावर पिठाची गिरणी एकटीनं चालवली, पट्ट्यात हात अडकलेला गडी एकटीनं ओढून बाहेर काढला. बाजारात तिच्याशी भांडायला पुरुष बिचकायचे. आता ती बोंद्रेचं काय करते म्हणून मी बघत राहिले. ती एवढंच म्हणाली, "मी न्हाय." आणि मग स्वतःशीच, "मला कळलं असतं की."

मी पिशवीची चेन लावत होते. ती लागेना.

"जा गं रत्ना," ती माझ्याकडे वळून म्हणाली. "तू जा आत. काय चाललंय ते तरी कळंल."

मी गेले. माझ्या मागे साखळी पुन्हा लागली.

पोहायला मला मालननंच शिकवलं होतं, आदल्याच वर्षी. निवृत्तीनंतर घर खायला उठलं होतं. मुलगा दुबईला, नवरा टीव्हीपुढे. मालन एकदा दळण देताना म्हणाली, पाण्यात ये, सगळं हलकं होतं. मी म्हटलं, या वयात? ती म्हणाली, मग कुठल्या? पोटाखाली हात धरून तिनं मला पंधरा दिवस पाण्यावर ठेवलं. ओरडायची, शिव्या द्यायची, पण हात काढायची नाही. सोळाव्या दिवशी मी आपली पाय मारतेय, आणि बघते तर ती पलीकडच्या काठावर बसून देवस्थळी बाईंशी गप्पा मारतेय. त्या दिवशी मला जे वाटलं, ते नोकरी लागल्याच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून दोघी फाटकाबाहेर चटई टाकून बसायला लागल्या. साडेसहा ते आठ, म्हणजे आमची पोहायची वेळ. देवस्थळी बाईंनी पुठ्ठ्याच्या फलकावर सुरेख अक्षरात लिहिलं होतं: सभासद करून घेताना वयाची अट नव्हती. शेजारी थर्मास. टॉवेल, टोपी, पोहण्याचे कपडे असलेल्या पिशव्याही रोज बरोबर आणायच्या. कधीही आत सोडतील, आपली तयारी पाहिजे, असं बाईंचं म्हणणं.

येणाऱ्या गाड्या त्यांना वळसा घालून आत जायच्या. काही जण हॉर्न द्यायचे. एका डॉक्टरनं काच खाली करून सांगितलं, "आजी, घरी बसा, नातवंडं खेळवा." मालन म्हणाली, "तुझी आई बसते का?" त्यानं काच वर केली. मला ते ऐकून बरं वाटलं. मालन आहे अजून, म्हटलं.

पाचव्या दिवशी बोंद्रेनं माळ्याला पाण्याची नळी घेऊन बाहेर पाठवलं. फाटकाबाहेर दोन्ही बाजूंना मेंदीचं कुंपण होतं, त्याला पाणी घालायचं निमित्त. माळी बिचारा कुंपणावर धार धरायचा, तर बोंद्रे आतून सांगायचा, अजून पुढे घे, मुळाशी घाल. चटई भिजली. पुठ्ठ्यावरची अक्षरं ओघळली. बाईंचा थर्मास आडवा झाला. मी तेव्हा आतल्या बाजूला, फाटकापासून दहा पावलांवर उभी होते, ओले केस पुसत.

मालन उठली नाही. लुगडं मांडीपर्यंत भिजलं होतं. बोंद्रेला म्हणाली, "पानी आमच्यावर सोडतोस आनि आमाला पान्यात सोडत न्हाईस. शिकलायस कुठं तू?"

बोंद्रे हसला. "बाक धुतला असं समजा, आजी."

माळ्यानं नळी खाली टाकली आणि निघून गेला. मालन लुगड्याचा पदर पिळत बसली. बाईंनी तिला थर्मासमधला उरलेला चहा दिला, तर म्हणाली, "नको. सकाळचा बंद केलाय."

आत माझं बरं चाललं होतं, हे मला सांगायला हवं. बोंद्रे मला रोज गुड मॉर्निंग घालायचा. तलावात माझ्यासाठी कडेची लेन मोकळी ठेवायला त्यानं सांगून ठेवलं होतं. त्यांच्या नव्या माहितीपत्रकासाठी एका पोरानं माझा टोपी घातलेला फोटो काढला. खाली लिहिणार होते, पन्नाशीनंतरही तंदुरुस्त. मी नको म्हटलं नाही. पाण्यात डोकं घातलं की फाटकावरचं काही ऐकू यायचं नाही. रोज बाहेर पडताना दोघींजवळ पाच मिनिटं बसायचे, आतली बातमी सांगायचे, आज अमुक आले होते, तमुक असं म्हणत होते. बाई सगळं वहीत लिहून घ्यायच्या. मालन विचारायची, "पानी कसं हाय?" मी सांगायचे, गार आहे.

दोन आठवड्यांनी बोंद्रेनं मला ऑफिसात बोलावलं. टेबलावर टाइप केलेला कागद होता. आम्ही खाली सह्या करणाऱ्या महिला सभासद कळवतो की, वयोवृद्ध सभासदांमुळे चेंजिंग रूममध्ये अस्वच्छता होते, सबब नियम कायम ठेवावा. खाली अकरा सह्या. सगळ्यात वर एक जागा रिकामी.

"ही तुमच्यासाठी," तो म्हणाला. "तुम्ही त्यांच्याच ग्रुपमधल्या. तुमची सही आली की विषय संपला."

"चष्मा आणला नाही," मी म्हटलं.

पस्तीस वर्षं पंचायत समितीत काढल्यावर माणसाला नाही न म्हणता कागद अडवता येतो. त्यालाही ते कळलं असावं. कागद घडी करत म्हणाला, "मग रविवारी तोंडी सांगा. त्या टीचरबाईंनी कंपनीला चार पत्रं पाठवलीत. डायरेक्टर येताहेत, सगळ्या सभासदांची मीटिंग आहे. तुम्ही दोन वाक्यं बोला. बाकी मी बघतो."

"बघू," मी म्हटलं. तो होकार आहे असं त्यानं धरलं. खरं सांगायचं तर मीही तसंच धरलं होतं.

रविवारी दहा वाजता बॅडमिंटनच्या हॉलमध्ये साठेक माणसं जमली. व्यासपीठ नव्हतं, एक लांब टेबल होतं. मधोमध डायरेक्टर, पन्नाशीचा, कडक इस्त्रीचा शर्ट, सारखा घड्याळ बघणारा. शेजारी बोंद्रे. मला पहिल्या रांगेत बसवलं होतं. मालन आणि बाई दाराजवळ, शेवटच्या रांगेत. त्यांना आत सोडलं हेच उपकार, असा एकूण भाव.

बोंद्रेनं सुरक्षेपासून सुरुवात केली. हार्ट ॲटॅक, बीपी, चक्कर. उद्या काही झालं तर जबाबदार कोण.

देवस्थळी बाई उभ्या राहिल्या. त्यांना कुणी बोलायला सांगितलं नव्हतं. "गेल्या पाच वर्षांत तलावात दोन अपघात झाले," त्या म्हणाल्या. "एका अकरा वर्षांच्या मुलीच्या नाकातोंडात पाणी गेलं. एकोणीस वर्षांच्या मुलानं उथळ बाजूला सूर मारून खांदा मोडून घेतला. या हिशोबानं विशीच्या आतल्यांना बंदी हवी. ती का नाही?"

दोनचार जण हसले. डायरेक्टरनं बोंद्रेकडे पाहिलं.

"ठीक आहे," बोंद्रे म्हणाला. "मला हे बोलायचं नव्हतं. पण बाई ऐकणार नसतील तर बोलतो. लेडीज चेंजिंग रूममध्ये काय झालं ते बऱ्याच जणींना माहीत आहे. तिथल्या बाकावर घाण झाली. कुणामुळे झाली तेही सगळ्यांना माहीत आहे." त्यानं पेन उचललं आणि शेवटच्या रांगेकडे नुसतं टोक केलं. "लहान मुलं त्याच बाकावर बसतात. आता सुरक्षितता कुणाची बघायची, मला सांगा."

सगळ्या माना मागे वळल्या. मधल्या रांगेत कुणीतरी ख्यॅक करून हसलं. एक माणूस शेजारच्याला म्हणाला, "डायपर घालून पाठवा म्हणावं." तो हळू बोलला, पण हॉलमध्ये घुमलं.

मीही वळून पाहिलं. आता ती उठेल, असं मला वाटलं. बोंद्रेच्या सात पिढ्यांचा उद्धार करेल. मला तेच हवं होतं. तिनं भांडावं आणि माझ्यावरचं ओझं परस्पर उतरावं.

मालन उठली नाही. तिनं मान खाली घातली. साडी सारखी करावी तसे तिनं दोन्ही हात मांड्यांखालून हळूच पुढे ओढून घेतले आणि खुर्चीवर थोडी सरकून बसली. खाली ओलं नाही ना, हे ती चाचपत होती. भर सभेत, साठ माणसांसमोर. ती हालचाल कुणाला कळली नसेल. मला कळली, कारण मी ती चार वर्षं रोज करत होते.

मी कधी उभी राहिले ते आठवत नाही. बोंद्रे म्हणत होता, "हां, शेवाळे मॅडम बोलतील. या अठ्ठावन्न वर्षांच्या आहेत, बघा, किती—"

"तो बाक मालनमुळे ओला झाला नव्हता," मी म्हटलं. "माझ्यामुळे झाला होता."

मी परत बसू शकले असते. पण एकदा वाक्य सुरू केलं की पूर्ण करायची सवय आहे.

"चार वर्षांपूर्वी माझी गर्भपिशवी काढली. तेव्हापासून मला खोकला आला की आवरत नाही. घरात कुणाला माहीत नाही. त्या मंगळवारी मी बाकावर बसून केसांच्या पिना काढत होते. खोकला आला. मी उठले. मालन न्हाणीतून ओल्यानं बाहेर आली आणि पाय पुसायला तिथेच बसली. तिला काही दिसलं नाही. झाडणारी बाई आत आली, तेव्हा बाकावर मालन होती आणि मी दारात होते. मी पिशवी उचलली आणि घरी गेले."

"मॅडम, तुम्ही इमोशनल होताय," बोंद्रे म्हणाला. "मैत्रिणीला वाचवायला—"

"वाचवायचं असतं तर वीस दिवसांपूर्वी वाचवलं असतं." मला त्या माणसाचा इतका राग आला होता की टेबल उलटं करावंसं वाटत होतं, आणि त्यातला निम्मा राग त्याचा नव्हता. "आणि ते कार्डावरचं वयही चूक आहे. मला बासष्टावं चालू आहे. वीस दिवस तुम्ही मला गुड मॉर्निंग घालून आत सोडलंत. माझं हृदय बंद पडलं नाही. तुम्हाला काही कळलंही नाही. वय तुम्हाला दिसत नाही, बोंद्रे. तुम्हाला कागद दिसतो, आणि कागद बघून कुणाला आजी म्हणायचं आणि कुणाला मॅडम, ते तुम्ही ठरवता."

"हा विषय इथे चर्चेचा नाही," डायरेक्टर म्हणाला.

"विषय तुमच्या मॅनेजरनं काढला. फाटकावर काढला, चारचौघांत. छोट्या तलावात रोज तीस पोरं उतरतात. ती पाण्यात काय करतात ते तुम्हाला माहीत आहे, म्हणून तर तिथे दुप्पट औषध टाकता. त्यांच्या आयांना फाटकावर उभं करून कार्ड मागितलंत का कधी?"

पुन्हा कुणीतरी हसलं, पण या वेळी ते हसू वेगळ्या बाजूला पडलं. आणि मग मधल्या रांगेतून एक बाई उठली. फाटकावर ओढणी तोंडाला लावणारी तीच. चेहरा लाल झाला होता. शेजारी तिचा नवरा असावा. त्यानं तिचं कोपर धरलं, तिनं ते सोडवून घेतलं.

"शिंक आली की मलाही होतं," ती म्हणाली. "दुसऱ्या बाळंतपणापासून. माझं वय चौतीस आहे. मला कधी काढताय?"

ती खाली बसली आणि तिनं डोळे मिटून घेतले. यानंतर त्या हॉलमध्ये बाकाबद्दल कुणी काही बोललं नाही.

डायरेक्टरनं घड्याळ बघितलं. "आम्ही पुनर्विचार करू. मंगळवारपर्यंत कळवतो."

"मंगळवारपर्यंत नको," देवस्थळी बाई मागून पुढे येत म्हणाल्या. त्यांच्या हातात वही होती आणि वहीत घडी केलेला कागद. "ही जागा नगरपालिकेकडून तुम्हाला ज्या करारानं मिळाली, त्याची ही नक्कल. पाचवं कलम वाचा. सर्व नागरिकांसाठी, असे शब्द आहेत. साठीच्या अलीकडच्या, असे नाहीत. आत्ता लिहून द्या."

त्यानं कलम दोनदा वाचलं. मग बोंद्रेकडे न बघताच क्लबचा कागद मागितला आणि लिहून दिलं. प्रवेशबंदी मागे. डॉक्टरचा दाखला हवा असेल, तर तो सगळ्या वयांना सारखा. बाईंनी त्यातली एक ऱ्हस्व-दीर्घाची चूक दुरुस्त करून घेतली आणि मग कागद वहीत ठेवला.

लोक उठले. दोघीतिघी माझ्याजवळ येऊन काहीबाही बोलल्या, धीट आहात, वगैरे. मी दाराकडे बघत होते. मालन बाहेर गेली होती.

ती फाटकाजवळ, मेंदीच्या कुंपणाशी उभी होती. मी तिच्याकडे गेले तेव्हा माझ्या मनात काय होतं, ते लपवून उपयोग नाही. मला वाटत होतं ती माझा हात धरेल. शिव्या देईल आधी, मग हात धरेल.

"मंगळवारी तू दारात हुतीस," ती म्हणाली.

"होते."

"मी बसताना बघत हुतीस."

"हो."

"आनि सोमवारी हितं. तो बोलला तवा."

"मालन, मला लाज वाटली गं. मला वाटलं, एकदा सांगितलं की—"

"एकवीस दिवस झालं," ती म्हणाली. ती ओरडत नव्हती. ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. "सकाळचं पानी सोडलं मी. च्या सोडला. झोपेतनं उठून अंथरून चाचपून बघायची. सुनेला सांगितलं देवाला जाते, आनि साताऱ्याला डॉक्टरणीला दाखवून आले. ती म्हनली, मावशी, काय न्हाई तुमाला, सगळं चांगलं हाय. माझा विश्वास बसंना. वाटलं, तिला सापडलं न्हाई. मला वाटलं, आपल्या अंगातनं काय जातंय ते आपल्यालाच कळंना झालंय. आज हे गेलं, उद्या डोकं जाईल. मग गिरनीचं कुलूप कुनाकडं द्यायचं, त्याचा इचार करत हुते मी."

मी कुंपणाचं एक पान तोडलं.

"तू रोज येऊन सांगायचीस, पानी गार हाय म्हनून," मालन म्हणाली.

मग तिनं कुंपणावर ठेवलेली पिशवी उचलली आणि फाटकातून आत गेली. टेबल तिथेच होतं, त्यामागे वॉचमन होता. त्यानं कार्ड मागितलं नाही. ती सरळ तलावाकडे चालत गेली. मी बाहेरच राहिले. थोड्या वेळानं लांबून सूर मारल्याचा आवाज आला.

बोंद्रे त्या जूनमध्ये बदलून गेला. मालन अजूनही साडेसहाला पोहते, तिला आता पंचाहत्तरावं चालू आहे. मी वेळ बदलून घेतली, आठची. दळण मी दुसऱ्या गिरणीत टाकते. रस्त्यात भेट झाली तर ती मान हलवते, एवढंच.

दोन वर्षांनी एकदा ज्येष्ठ नागरिक संघानं आमचा सत्कार केला. देवस्थळी बाईंचा आणि माझा. मालनलाही बोलावलं होतं, तिनं सत्कार नको म्हटलं, पण श्रोत्यांत येऊन बसली. शाल, श्रीफळ झालं. अध्यक्ष रंगात येऊन म्हणाले, मैत्रिणीच्या अब्रूसाठी ज्यांनी स्वतःची झाकली मूठ उघडली, अशा शेवाळे ताई. टाळ्या पडल्या. मी मान खाली घालून हात जोडले.

कार्यक्रमानंतर मी चपला शोधत होते, तेव्हा ती शेजारी येऊन उभी राहिली. त्या रविवारनंतर ती माझ्याशी पहिल्यांदा बोलत होती, आणि आजपर्यंत तरी शेवटचंच.

"बोललीस ते बरं केलंस," ती म्हणाली. "पोरीबाळींचं कल्याण झालं. पन माझ्यासाठी उठलीस असं कोन म्हनलं, तर हात जोडू नको. माझ्यासाठी उठायचं हुतं ते सोमवारी."